डी ड्राइव्ह

माझ्या नवऱ्याला लकवा मारला तेव्हा ते क्लासमध्येच होते. राजापेठेत औषधाच्या एका दुकानावर त्यांचा कम्प्युटर क्लास होता. आधी तो टायपिंगचा होता. मशिनी भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागी कम्प्युटर आले. त्या दिवशी ते पोरींना पत्राचा नमुना कसा टाईप करायचा ते सांगत होते. पोरींनी मला नंतर सांगितलं, "सर बोलता बोलता भलतंच बोलाले लागले. आमाले वाटलं गंमत करून राहिले." दोघीतिघी हसल्यासुद्धा. मग ते टेबलाला धरून खाली बसले.

उजवा हात गेला. पाय ओढत चालण्याइतका परत आला. बोलणं मात्र आलं नाही. आठ महिन्यांनंतर त्यांच्याजवळ तीन शब्द होते. हो, नाही आणि उद्या. हा 'उद्या' कुठून आला ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पाणी पाहिजे असेल तर उद्या, पंखा कमी कर तर उद्या, राग आला तरी उद्या. हो आणि नाहीचाही भरवसा नव्हता. चहा घेता का विचारलं तर नाही म्हणायचे आणि डावा हात कपाकडे न्यायचे. मी हाताकडे बघून ठरवायला शिकले होते.

बोलणं शिकवणाऱ्या एक बाई अकोल्याला होत्या. महिन्यातून दोनदा आम्ही बसने तिकडे जायचो. बाई चित्रांचे कार्ड दाखवायच्या. केळं, कुलूप, छत्री. ज्यांनी पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून शिकवलं ते गृहस्थ छत्रीच्या चित्रापुढे घामाघूम व्हायचे. एकदा त्यांनी सगळे कार्ड हाताने खाली लोटून दिले. बाईंनी ते शांतपणे गोळा केले आणि मला बाहेर बोलावलं.

"चित्रांचा त्यांना अपमान वाटतो," त्या म्हणाल्या. "घरी त्यांच्याच कामातलं काही त्यांच्यासमोर करा. मदत मागा त्यांना. आणि त्यांचा आधीचा आवाज कुठं असेल तर ऐकवा. काही लोकांना त्याचा उपयोग होतो."

आवाज होता. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला तेव्हा ते घरी बसून धडे रेकॉर्ड करायचे आणि पोरांना पाठवायचे. मी स्वयंपाकघरात कुकर लावला की ओरडायचे, "अवं शिट्टी नको होऊ देऊ आत्ता!" ते सगळे धडे घरच्या कम्प्युटरमध्ये होते, डी ड्राइव्हमध्ये. हे मला पक्कं माहीत होतं, कारण डी ड्राइव्हचा धडा मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकला होता. सीमध्ये सिस्टिम असते, सी कधीही उडू शकतो. आपला जीव की प्राण जो माल आहे तो डीमध्ये ठेवायचा. सी फॉरमॅट झाला तरी डीला धक्का लागत नाही.

पण कम्प्युटर सुरू होत नव्हता. ते आजारी पडल्यापासून कोणी हात लावला नव्हता आणि आता बटण दाबलं की पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं आणि मग सगळं काळं. एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिम उडाली याची. मशीन दुकानात पाठवा, पाहू." मी हो म्हणणार होते. तेवढ्यात माझं लक्ष यांच्याकडे गेलं. ते खुर्चीत बसून त्या माणसाच्या हातातल्या पेचकसाकडे बघत होते. मी त्याला म्हटलं, नंतर कळवते.

दोन दिवसांनी त्यांच्या टेबलाच्या खणात मला एक पेन ड्राइव्ह सापडला. त्याला चिकटपट्टी लावून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लिनक्स. चालते.' लिनक्स म्हणजे फुकट मिळणारी, कोणालाही वापरता येणारी सिस्टिम, एवढं मला माहीत होतं. क्लासमधले दोन जुने कम्प्युटर त्यांनी त्याच्यावरच चालवले होते. मला वाटलं, देवानं नाही तरी यांनीच आपल्यासाठी वाट करून ठेवली. बाईंनी सांगितलेलं काम, तेही यांच्याच हातचं.

रविवारी सकाळी मी त्यांची खुर्ची कम्प्युटरपुढे ओढली. कूलर त्यांच्या पाठीशी लावला. "आज आपण लिनक्स टाकून राहिलो," मी म्हटलं. "तुमी सांगाचं, मी कराचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला भरून आलं. "हो," ते म्हणाले. तो हो खरा होता.

पहिला तास तर मी कधी विसरणार नाही. पेन ड्राइव्ह पुढे लावला, मशीन चालू केलं, तेच गोल चक्र. मी एक एक बटण दाबत होते. त्यांनी डावा हात पुढे केला, कीबोर्डच्या वरच्या रांगेवरून बोट फिरवत नेलं आणि एफ बारावर ठेवलं. पुन्हा सुरू केलं, एफ बारा दाबलं, यादी आली, पण यादीत पेन ड्राइव्ह नाही. ते हाताने मागे, मागे असं दाखवत होते. मी कम्प्युटरचा डबा ओढला, धूळ पुसली, मागच्या खाचेत पेन ड्राइव्ह लावला. यादीत नाव आलं. मी टाळी वाजवली.

मग पहिल्या ओळीवर एन्टर मारलं आणि पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. दहा मिनिटं वाट पाहिली. "बिघडलं काय हो?" मी विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली, मशीन बंद करायला लावलं आणि पुन्हा ती यादी आली तेव्हा स्वतः खालचा बाण एकदा दाबला. दुसरी ओळ. जुन्या मशिनींसाठी ती वेगळी सोय असते, हे मला नंतर कळलं. त्यांना ते तेव्हाही माहीत होतं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, फक्त बाहेर यायला दार नव्हतं.

पडदा उजळला. स्वच्छ निळसर रंग आणि डावीकडे चार-पाच चित्रं. ही सिस्टिम पेन ड्राइव्हवरूनच चालत होती, कम्प्युटरमध्ये अजून काहीच बसलं नव्हतं. त्यांचा चेहरा घामाने चमकत होता. मी म्हटलं, "सर, तुमी पास."

आणि मग त्यांनी डाव्या हाताचं बोट एका चित्रावर टेकवलं. एका लहान पेटीसारखं चित्र होतं ते. "उद्या," ते म्हणाले. "उद्या. उद्या."

"हो हो, तेच टाकतो आहोत," मी म्हटलं. त्या पेटीच्या शेजारीच 'इन्स्टॉल' लिहिलेलं चित्र होतं. मला वाटलं, बोट थोडं सरकलं असेल. उजवीकडचं त्यांना नीट दिसायचंही नाही. मी इन्स्टॉलवर क्लिक केलं.

ती पेटी म्हणजे कम्प्युटरची जुनी डिस्क होती. ती उघडली असती तर सगळे धडे समोर दिसले असते आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेता आले असते. सिस्टिम टाकायच्या आधी आपला माल बाजूला काढायचा, हे ते सांगत होते. बहुतेक. मी आज बहुतेक म्हणते, पण मनात बहुतेक नाही.

पहिला प्रश्न भाषेचा आला. लांबलचक यादीत मराठी होतं. मी शाळेत मराठी शिकवते. मला आनंद झाला. यांनाही सोपं जाईल म्हणून मी मराठी निवडलं. पुढचे सगळे पडदे मराठीत आले, पण कसल्या मराठीत? 'विभाजन', 'स्थापना', 'आरोहण बिंदू'. यांनी सगळं आयुष्य हे काम इंग्रजी शब्दांत केलं होतं. पार्टिशन, इन्स्टॉल, माउंट. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत होती. आजारानंतर त्यांना वाचायलाच त्रास व्हायचा. ओळखीचे शब्द चित्रासारखे ओळखायचे, तेवढंच. मी तेही काढून घेतले होते. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, दमले.

मग तो पडदा आला. दोनच पर्याय होते. एक, डिस्क पुसून स्थापना करा. दुसरा, इतर काहीतरी. दुसऱ्याची मला भीती वाटली. पहिल्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला. सिस्टिम उडाली आहे, ती पुसायची, नवी टाकायची. सी जाईल. डीला धक्का लागत नाही.

"पुसू का?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. आणि लगेच, "उद्या. उद्या."

"आजच करू. आता कायले उद्या?" मी हसून म्हटलं आणि बटण दाबलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताला जोर होता. मी म्हटलं, "अहो, झालं, झालं आता," आणि हळूच हात सोडवला. ते खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटले. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत होती. मी वरणाला फोडणी द्यायला गेले.

दुपारी कम्प्युटर व्यवस्थित सुरू झाला. पूर्वीपेक्षा चपळ. मी धडे शोधायला लागले. सी नव्हता, डी नव्हता. मला वाटलं लिनक्समध्ये वेगळ्या नावाने असेल. यांना विचारलं तर ते पडद्याकडे बघायलाच तयार नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पडद्यावर सूचना आली की नव्या सुधारणा उतरवायच्या आहेत. मी उतरवल्या. त्याने सापडेल म्हणून. दोन दिवस शाळेतून आले की मी शोधत राहिले, कम्प्युटर दिवसभर चालूच.

तिसऱ्या दिवशी मी यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता चाळिशीची, अकोल्यात एका कॉलेजची कम्प्युटर लॅब सांभाळते.

"जयभीम मॅडम. सर कसे आहेत?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "डिस्क पुसा म्हणून जो ऑप्शन होता, तोच घेतला काय?"

"हो. पण डी वेगळा असतो ना? सरच सांगायचे."

ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन खण असतात. तो ऑप्शन सगळी डिस्कच पुसते." मग तिचा आवाज घाईचा झाला. "मशीन चालू आहे काय? बंद करा. आत्ताच्या आत्ता. सरळ वायर काढा. जितकं चालंल तितकं जुन्यावर नवीन लिहिल्या जाते."

मी वायर ओढली. यांनी मान वळवून बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, कदाचित रविवारपासूनच. मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "माझ्या हातून गेलं हो सगळं." मला वाटलं ते हात झटकतील, ओरडतील. त्यांनी काहीच केलं नाही. त्यांच्याकडे शिवी द्यायलाही शब्द नव्हता.

दुरुस्तीवाल्याकडून डिस्क काढून घेतली आणि पुढच्या खेपेला आम्ही ती अकोल्याला नेली. ती माझ्या मांडीवर रुमालात गुंडाळलेली होती आणि हे खिडकीशी बसले होते. विद्यार्थिनी स्टँडवर घ्यायला आली. तिने वाकून यांना नमस्कार केला, हे म्हणाले, "उद्या." तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

तिने महिनाभर खटाटोप केला. नावं नसलेल्या हजारो फाइल्स निघाल्या, नुसते आकडे. फोटोंचे अर्धे तुकडे, वर चेहरे आणि खाली करडा रंग. आवाजाच्या बहुतेक फाइल्स वाजतच नव्हत्या. एक वाजली. चार मिनिटांची.

चांदूर बाजारला दिलेल्या माझ्या मुलीला मी हे सगळं शेवटी सांगितलं. लवकर सांगायची हिंमत झाली नव्हती. ती फोनवर रडली नाही. "आई, मले एकदा इचारलं असतं तं काय झालं असतं?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तू तुझ्या संसारात होती. ती म्हणाली, "तो बाबाचा आवाज होता आई. तुह्या एकटीचा होता काय?" 

ती चार मिनिटं मी यांना ऐकवली. बाईंनी सांगितलं होतं म्हणून. पत्रावर तारीख कुठे टाकायची हे ते समजावत होते, ठणठणीत, मध्येच खाकरून. "घाई करू नका," असं म्हणाले. "आधी वाचा, मंग दाबा." हे माझ्यासमोर बसून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे ओठ हलायला लागले. मला आशा वाटली. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि स्पीकरचा खटका बंद केला.

"नाही," ते म्हणाले. स्पष्ट.

मी त्यांच्यासमोर पुन्हा कधी लावली नाही. अकोल्याच्या खेपाही हळूहळू थांबल्या. ते बसमध्ये चढायलाच नकार द्यायला लागले. बाईंनी दोनदा फोन करून विचारलं. मी तब्येतीचं कारण सांगितलं.

डिस्क परत बसवल्यापासून कम्प्युटर छान चालतो. मी त्यावर शाळेची माहिती भरते. कधी अडलं तर अकोल्याला फोन करते, यांना विचारत नाही. ते त्या खोलीत येतात, कपाटातून टॉवेल घेतात आणि जातात.

दिवाळीत मुलगी आली. दोन दिवस ती त्याबद्दल काही बोलली नाही. भाऊबीजेच्या दुपारी म्हणाली, "मले ऐकव." मी दार लोटलं, आवाज अगदी बारीक केला. आम्ही दोघी स्पीकरला कान लावून बसलो. ती हाताने तोंड दाबून ऐकत होती. तारखेचं संपलं, पत्त्याचं सुरू झालं, तेव्हा हे बसले होते त्या बाहेरच्या खोलीतून टीव्हीचा आवाज आला. आधी साधा, मग मोठा, मग इतका मोठा की खिडकीची तावदानं थरथरली. मुलगी उठून बाहेर जाणार होती. मी तिला हाताने बसवलं आणि कम्प्युटर बंद केला.