लॉबीतच झालेली स्पर्धा

मागच्या शनिवारी सकाळी चंद्रपूरच्या एका हॉटेलात मी सिल्कची साडी नेसून लॉबीत बसले होते... आणि मला न्यायला कुणी येत नव्हतं.

समोरच्या कॉलेजात विद्यापीठाची वक्तृत्व स्पर्धा होती आणि मी परीक्षक. बँकेतून रिटायर झाल्यापासून लोकांना मी अशा कामांसाठी आठवते. आयोजकांपैकी एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं, सगळं फोनवर ठरलेलं. ‘आमची माणसं लॉबीत भेटतील’, एवढंच कळलं होतं. कॉलेजचं गेट काचेतून दिसत होतं, पण न्यायला आल्याशिवाय उठून जायचं नाही, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिकवण. ती काही सुटत नाही.

त्यात हॉटेल चेनमधलं. म्हणजे कुठल्याही शहरात जा, तीच चादर, तेच हसू. खोलीला किल्ली नाही, कार्ड. ते कार्ड भिंतीत खोचलं नाही तर दिवा लागत नाही, हे मला आदल्या संध्याकाळी कुणी सांगायचं? अंधारात चाचपडत मी बाथरूमऐवजी कपाट उघडलं... तेव्हापासून डोकं तापलेलंच होतं.

तेवढ्यात एक गृहस्थ लगबगीनं माझ्याकडे आले. मागे त्यांची बायको आणि मान खाली घातलेली एक मुलगी.

“बाई, तुमी नागपूरहून आल्या नं जी?”

“हो. आणि केव्हाची वाट बघतेय.”

“माफ करा जी. आमी आरमोरीहून निघालो, तं रस्त्यात गाडी पंक्चर झाली.”

चंद्रपूरच्या स्पर्धेचे आयोजक आरमोरीचे कसे, ते मला कळेना. पण विद्यापीठाच्या कारभारात काहीही होऊ शकतं, म्हणून गप्प बसले.

त्यांच्या बायकोनं स्टीलचा डबा उघडला. लाखोळीच्या डाळीचे वडे, अजून कोमट. लगेच हॉटेलचा मॅनेजर धावत आला... “मॅम, बाहेरचं खाणं अलाउड नाही.”

“तुमचा उपमा मी सकाळी खाल्लाय,” मी म्हटलं. “त्यानंतर हे वडे म्हणजे औषध आहे.” तो गेला. गृहस्थ कौतुकानं बायकोकडे बघून म्हणाले, “पाह्य, मोकळ्या सभावाच्या आहेत बाई!”

मग त्यांनी मुलीला माझ्यासमोरच्या सोफ्यावर बसवलं. “हे आमची प्रणाली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले आहे, इथीच होस्टेलात रायते. काय विचाराचं ते विचारा जी.”

आता स्पर्धकाला परीक्षकासमोर असं आधीच आणून बसवणं हे कुठल्या नियमात बसतं? मी तेच म्हणणार होते... पण मुलगी मान वर करायलाच तयार नव्हती. म्हटलं, घाबरलीय बिचारी, दोन वाक्यं बोलून घेऊ.

“स्वतःबद्दल सांग.”

तिनं बाबांकडे पाहिलं.

“तिकडे काय बघतेस? स्टेजवर बाबा येणार आहेत का? मान वर कर. माझ्याकडे बघून बोल.”

“मले बॉटनी आवडते,” ती पुटपुटली. “एम.एस्सी. कराची आहे.”

“ऐकू येत नाही.”

“एम.एस्सी. कराची आहे, नागपूरले! मले आत्ता लग्न नाई कराचं!”

लग्न मध्येच कुठून आलं, ते मला समजेना. मग वाटलं, हिच्या भाषणाचा विषय मुलींचं शिक्षण असणार. मुद्दा तर उत्तम होता!

“छान! पण शेवटचं वाक्य घाईत गिळलंस. तेच पुन्हा म्हण. ठामपणे... शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे.”

आणि ती उभी राहून म्हणाली. रिसेप्शनवरची पोरं वळून बघायला लागली. दारातला वॉचमनसुद्धा.

तिचे वडील हबकले होते. “म्हंजे बाई... तुमाले हे चालते?”

“मला चालतं म्हणजे काय? हिनं हेच बोलायला हवं! तुम्ही ऐकलं नव्हतं का कधी?”

उत्तर दिलं त्यांच्या बायकोनं, त्यांच्याकडे न बघता. “घरी तिले कोनी विचारलंच कधी?”

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. कॉलेजचे प्राध्यापक घामाघूम होऊन, “सॉरी मॅडम, हॉलचा माईक बिघडला होता...” करत आले. त्यांच्या पाठोपाठ माझ्याच वयाच्या, चष्मा लावलेल्या एक बाई, दोन पुरुष आणि नवा शर्ट घातलेला एक तरुण. त्या चष्मेवाल्या बाई लॉबीभर नजर फिरवत म्हणाल्या, “आरमोरीची मंडळी कुठं आहेत? मी मुलाची आत्या. आम्ही नागपूरहून आलो, मुलगी पाहायला.”

मला काय वाटलं ते विचारू नका... मुलाची आत्या समजून त्यांनी मला वडे खाऊ घातले होते. आणि मी भर लॉबीत त्यांच्या मुलीकडून लग्नाला नकार वदवून घेतला होता, तोही दोनदा! हातातला अर्धा वडा कुठे ठेवावा, हेही सुचेना.

प्रणालीचे वडील माझ्याकडे बघत राहिले. मग मुलीकडे. ती अजून उभीच होती, मान वर.

ते पाहुण्यांकडे वळले. “या जी, बसा. हेच आमची पोरगी. पन तिले आखीन दोन वर्सं शिकाचं आहे. थांबत असान तं पुढचं बोलू... नाई तं वडे खाऊन जा.”

पाहुणे बसले की परत गेले, मला माहीत नाही. प्राध्यापक मला हाताला धरूनच घेऊन निघाले. दाराशी प्रणालीच्या आईनं गाठून कागदात बांधलेले दोन वडे माझ्या पर्समध्ये कोंबले.

स्पर्धेत मुलं सफाईनं बोलली. पाठ केलेलं, हातवारे करून. पहिला नंबर कुणाला तरी द्यावा लागतो, तो मी दिला.

प्राध्यापकांना उशिराबद्दल चांगलं झापायचं ठरवलं होतं. निघताना मात्र त्यांचे आभार मानले... माईक बिघडला, ते बरं झालं. ते बिचारे अजून गोंधळलेले असतील.