ज्योत्स्नाची बावीस मिनिटं

राहायचं कुवेतात, शिकायचं अमेरिकेच्या विद्यापीठात आणि शेवटचा पेपर द्यायचा बारामतीजवळच्या वाडीत, गेणबातात्यांच्या माजघरात बसून! आज कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. पण १९९९ साली हे ऐकून चांगली शिकलेली माणसंसुद्धा म्हणायची, "पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला बहुतेक." ज्योत्स्नाच्या डोक्याला काही झालं नव्हतं. तिला पदवी हवी होती, एवढंच.

ज्योत्स्ना पिंपळीच्या पुढच्या वाडीची. वडील कचरू साखर कारखान्यात पाळीला जायचे आणि आई अक्काबाई अडीच एकराचं रान बघायची. बारामतीला बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली आणि इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा अनुप, डिप्लोमा केलेला, कुवेतात नोकरीला. असं स्थळ कोण सोडतं? विहारात बुद्धवंदना झाली, लग्न लागलं आणि तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच.

अनुप अमेरिकी छावणीतल्या जनरेटरांवर देखरेख करायचा. घर छावणीपासून हाकेच्या अंतरावर. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की मांडणीतली ताटं वाजायची. सुरुवातीला ज्योत्स्ना दचकून गॅस बंद करायची. पुढं पुढं ताटं वाजायला लागली की ती नुसतं हात टेकवून धरायची आणि आवाज गेला की पुन्हा भाकरी थापायची. बाहेर एकटीनं जायची सोय नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. दिवस खायला उठायचा.

मग दोन वाटा समोर आल्या. सासूबाईंचं म्हणणं, पोस्टानं शिक. पुस्तकं घरी येतील, मे महिन्यात इंदापूरला येऊन परीक्षा दे, तेवढंच नातेवाइकांत राहणं होईल. दुसरी वाट अनुपनं आणली. छावणीतल्या शिक्षण केंद्रावर तिकडच्या एका विद्यापीठाची कॉम्प्युटरची पदवी होती, सगळी ऑनलाइन. कामावरच्या लोकांच्या बायकांना सवलत होती आणि बारामतीतली दोन वर्षंही धरणार होते. अट एकच. अनुपचा करार डिसेंबर नव्व्याण्णवअखेर संपतो, त्याच्या आत सगळे पेपर झाले पाहिजेत. एक जरी राहिला तरी पदवी गेली.

"धोका हाय," अनुप म्हणाला. "पोस्टाचं बरं. कधीबी पुरं करता येतंय."

"मी हेच घेणार," ज्योत्स्ना म्हणाली.

का, ते तिनं तेव्हा नवऱ्यालाही सांगितलं नाही. कॉलेजात दोन वर्षं ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसली होती आणि एकदाही तिनं हात वर केला नव्हता. पहिल्याच दिवशी एका पोरीनं आडनाव विचारलं होतं, आणि ऐकल्यावर "हं" म्हणून मान फिरवली होती. तेवढ्यानं तिचा हात जो खाली बसला तो बसलाच. इथं मात्र संध्याकाळी शंका लिहून पाठवली की सकाळी उत्तर हजर. विचारणारी कोण, कुठली, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पहिल्या महिन्यात तिनं एकसष्ट शंका विचारल्या. केंद्रावरच्या बाई हसून म्हणाल्या, इतके प्रश्न तर आख्ख्या तुकडीनं मिळून विचारले नाहीत.

ही बातमी तिनं वाडीला कळवली ती फोनवरून. फोन अर्थात गेणबातात्यांचा. वाडीत फोन एकच, आणि तो सगळ्या वाडीचा पीपी नंबर. कुणाचाही फोन आला की तात्यांच्या कारभारीण द्वारकाबाई ओसरीतून हाळी द्यायच्या. अक्काबाई खुरपं टाकून पळत यायची आणि खिडकीबाहेर उभी राहायची. द्वारकाबाई गजातून रिसीव्हर बाहेर द्यायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं आणि अक्काबाईनं पाऊल टाकलं नव्हतं. भांडण म्हणाल तर कधीच नव्हतं.

नव्व्याण्णव साल उजाडलं, ज्योत्स्नाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात चर्चेला जागाच नव्हती. सातव्या महिन्यात ती वाडीला आली तेव्हा एकच पेपर राहिला होता, चार डिसेंबरचा. केंद्रावरच्या बाईंनी तो गावाकडून द्यायची परवानगी काढून दिली. द्वारकाबाईंचा मुलगा विजयसिंह बारामतीत कॉम्प्युटर क्लास चालवायचा, तिथं बसून द्यायचा ठरला. पण बाळानं आपल्या सवडीनं यायचं ठरवलं आणि पेपरच्या दिवशी मुलगी अठरा दिवसांची होती.

"सव्वा महिना उंबरा ओलांडायचा न्हाय," अक्काबाईनं ठणकावलं. "बारामतीला? ह्या थंडीत? कानात वारं गेलं म्हंजे जन्मभर डोकं धरून बसशील."

"आई, तू तर विटाळ मानत न्हाईस ना?"

"विटाळ न्हाय मानत. वारं मानते."

शेवटी तोड निघाली. ज्योत्स्ना बारामतीला जाणार नसेल तर कॉम्प्युटर वाडीला येईल. तात्यांचं घर दीडशे पावलांवर. तेवढ्यासाठी अक्काबाई तयार झाली, कान बांधून. विजयसिंह आदल्या दिवशी जीपमधून सगळं सामान घेऊन आला. आता प्रश्न उरला, मांडायचं कुठं? ओसरीत दिवसभर माणसांचा राबता. गेणबातात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"माजघरात म्हंजे... देवघर हाय तितं. आन पोर बाळंतीण."

अक्काबाई खिडकीबाहेर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "तात्या, आमच्यात विटाळ न्हाय. छप्पन सालीच सोडला. तुमच्यात हाय, तवा तुमचं तुमी बगा."

द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि माजघरातली बाज एका कडेला सरकवली. "बाळंतीण काय ओसरीच्या गार फरशीवर बसवायची व्हय? विजू, टेबल आत घे. आन अक्का, तू खिडकीत काय उभी ऱ्हायलीस? शेगडी पेटव चल." अक्काबाई पहिल्यांदा त्या घरात शिरली ती अशी, हातात निखाऱ्यांची शेगडी घेऊन.

आणखी एक भानगड होती. विद्यापीठाचा एक फॉर्म होता. परीक्षा संपेपर्यंत नात्याबाहेरच्या, पदावरच्या माणसानं शेजारी बसायचं आणि नंतर सही-शिक्का द्यायचा. पदावरचं माणूस वाडीत एकच, सरपंच. आणि सरपंच कोण, तर खुद्द द्वारकाबाई! बायकांची राखीव जागा आली तेव्हा तात्यांनीच त्यांना उभं केलं होतं. चार वर्षं कारभार तात्या बघायचे आणि तात्यांनी बोट ठेवलं की त्या जागी द्वारकाबाई सही करायच्या. काय लिहिलंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"त्यात काय! मी बसतो, सही ती करंल," तात्या नेहमीप्रमाणे म्हणाले.

"तसं चालत न्हाय तात्या," ज्योत्स्ना म्हणाली. "जी सही करंल तीच बसायला पायजे."

"दोन तास? हिला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं कशाला? बघायचंय," द्वारकाबाई म्हणाल्या. मग ज्योत्स्नाकडं वळून, "काय लिवलंय ते मला मराठीत सांग. समदं सांग." ज्योत्स्नानं ओळ न् ओळ सांगितली. शेवटची ओळ द्वारकाबाईंनी दोनदा विचारून घेतली: परीक्षेत काही अडथळा आला का? आला असल्यास केव्हा, कशामुळे, किती वेळ?

चार तारखेला साडेतीन वाजता पेपर सुरू झाला. तेव्हाचं इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं. मध्येच कुणी रिसीव्हर उचलला की संपलं सगळं. म्हणून तात्यांनी स्वतः ओसरीतल्या फोनवर टॉवेल टाकला होता आणि येईल त्याला दम भरला होता, "हात लावशील तर बग!" अक्काबाई नातीला घेऊन शेगडीशी, द्वारकाबाई खुर्चीत ताठ, नजर घड्याळावर. ज्योत्स्नाचं अंग अजून दुखत होतं, पण प्रश्न ओळखीचे होते. एक झाला, दोन झाले.

आता तात्यांचं सांगतो. ऊसतोडणीचे दिवस होते आणि तोडणीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयचा निरोप तीन दिवस यायचा राहिला होता, टोळी कधी येणार म्हणून. वाडीचा फोन महिन्यातून दहा दिवस मेलेला असायचा. त्यामुळं रानातून आलं, पाय धुतले की रिसीव्हर उचलून कानाला लावायचा, जिवंत आहे का बघायचं आणि ठेवायचा, हा त्या घराचा रिवाजच पडला होता. तात्या दिवसातून वीसदा तरी ते करायचे. चार वाजून दहा मिनिटांनी ते रानातून आले, पाय धुतले, फोनवरच्याच टॉवेलानं तोंड पुसलं, आणि रिसीव्हर उचलला.

कानात किरकिर झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "आयला!" एवढंच तोंडातून निघालं. आत कॉम्प्युटरचा पडदा गोठला होता.

विजयसिंहनं बारामतीला परत जाताना शिकवून ठेवलेलं सगळं ज्योत्स्ना करत होती. पुन्हा लाव, पुन्हा एंगेज. पुन्हा लाव, पुन्हा तुटलं. बाळ भुकेनं रडायला लागलं. तात्या दारापर्यंत आले, "काय झालं बगू तरी," म्हणत आत पाऊल टाकणार, तोच द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या.

"भाईर. परीक्षा चालू हाय."

तात्या जागच्या जागी थबकले. पंचवीस वर्षांच्या संसारात हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ते मुकाट मागं फिरले आणि ओसरीच्या कडेला उकिडवे बसले.

चार बत्तीसला तार जुळली. बावीस मिनिटं गेली होती. साडेपाचला पान आपोआप बंद झालं तेव्हा सगळ्यांत जास्त गुणांचा शेवटचा प्रश्न अर्धाच होता. ज्योत्स्नानं लेकीला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडली. अडीच वर्षं पाण्यात गेली होती. पोस्टाचं घेतलं असतं तर मे महिन्यात पुन्हा बसता आलं असतं, हेही मनात येऊन गेलं.

"हात आपसूक गेला गं पोरी," तात्या दारातून म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग हळूच बायकोला म्हणाले, "त्या कागदावर अडथळा न्हाय म्हणून लिव. आपली लाज पार अमेरिकेत कशाला?"

आणि गंमत बघा, ज्योत्स्नालाही तेच हवं होतं. तार तुटली म्हणजे मधल्या वेळात पुस्तकं बघितली, असा संशय घेतला तर? अर्ध्या पेपरवर कदाचित काठावर पास होता येईल, पण संशय आला तर पेपरच रद्द. "काकू, नगा लिहू," ती म्हणाली. "हात जोडते."

द्वारकाबाईंनी दोघांकडं पाहिलं. "मला इतं कशाला बशीवलंय मग? जे घडलं ते सांगाया ना? चार वर्सं बोट दावाल तितं सही केली मी. ही न्हाय करायची तशी." चौथी शिकलेल्या त्या बाईनं पेन घेतलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं: 'होय. चार दहा ते चार बत्तीस. माझे मालक यांनी सवयीने फोन उचलला. मी खोलीत होते. मुलीने कुणाशी बोलणे केले नाही, पुस्तक बघितले नाही. तिची काही चूक नाही. द्वारकाबाई, सरपंच.' आणि शिक्का मारला. ज्योत्स्नानं रडत रडतच खाली इंग्रजी केलं. विजयसिंहनं त्याच संध्याकाळी येऊन कागद नेला आणि बारामतीहून फॅक्स पाठवला.

चार दिवस ज्योत्स्नाला घास गेला नाही. तिला द्वारकाबाईंचा रागच आला होता, खोटं कशाला बोला. पाचव्या दिवशी दुपारी हाळी आली. अनुपचा फोन. अक्काबाई धावली, सवयीनं खिडकीकडं वळली.

"तितं कुठं? आत ये, बस," द्वारकाबाईंनी खुर्ची ओढली.

अनुप ओरडून बोलत होता, ओसरीभर ऐकू येत होतं. विद्यापीठानं म्हणे त्यांच्याकडच्या नोंदी बघितल्या. तार तुटल्याची आणि जुळल्याची वेळ कागदावरच्या वेळेशी मिनिटाला मिनिट जुळली. अडथळा नाही असं लिहिलं असतं तर पेपर तिथंच रद्द होणार होता. शेजारी बसलेल्या बाईची साक्ष त्यांनी मान्य केली होती. ज्योत्स्नाला बावीस मिनिटं परत मिळणार होती, शेवटचा प्रश्न नव्यानं, येत्या शनिवारी.

त्या शनिवारी तात्यांनी कुठलाही धोका पत्करला नाही. आत कॉम्प्युटरकडं जाणारी तार तेवढी ठेवून ओसरीतला फोन काढला, काखेत मारला आणि उसाच्या फडात जाऊन बसले. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "तात्या, फोन घेऊन कुठं?" तात्या म्हणायचे, "पोरीची परीक्षा हाय. पुढं व्हा." ज्योत्स्नाचं उत्तर एकोणीस मिनिटांत झालं. वर्ष संपायच्या आत निकाल आला. ती पास झाली होती.

पुढं अनुप परत आला. दोघांनी इंदापुरात घर केलं आणि ज्योत्स्नाला कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली. बाकावर मागं बसणारी पोर दिसली की ती आधी तिच्याकडं जाते. पदवीचा कागद भिंतीवर आहे. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, त्या फॉर्मची झेरॉक्स आहे. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? ती सांगते, "पदवी हीच. तो दुसरा कागद नुसता पोहोचपावती."

पण निकाल आल्यावरचं सांगायचं राहिलं. सव्वा महिना पुरा झाला तशी ज्योत्स्ना लेकीला घेऊन पेढे द्यायला गेली. द्वारकाबाईंच्या पाया पडली. द्वारकाबाईंनी तिला उठवलं.

"म्हंजे माझ्या सहीवर त्यांनी इस्वास ठिवला?"

"तुमच्याच सहीवर, काकू."

तेवढ्यात ग्रामसेवक रजिस्टर घेऊन ओसरीत आला. सवयीप्रमाणे तात्यांनी पान उघडलं आणि बोट ठेवलं. द्वारकाबाईंनी चष्मा पुसून डोळ्यावर चढवला, रजिस्टर आपल्याकडं ओढलं आणि म्हणाल्या, "बोट काडा. मला वाचू द्या."