न रडल्याचा तारा

मी महाडला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. बक्षीस देऊन सवय कशी लावावी, हा धडा आला की मी मुलांकडे न बघता फळ्याकडे तोंड करून बोलते. लाज वाटते, दुसरं काय!

लेक पाच वर्षांची होती तेव्हा भारी रडकी. चप्पल सापडली नाही, रड. भात गरम लागला, रड. म्हटलं, आपण एवढं शिकलोय ते काय उगाच? फ्रीजवर तक्ता लावला. दिवसभर रडली नाही तर एक तारा, सात ताऱ्यांना आइस्क्रीम. रडलीच तर मी ढुंकूनही बघायचं नाही. महिन्याभरात पोर गप्प झाली. स्टाफरूममध्ये त्या तक्त्याचा फोटो दाखवत मी काय मिरवले होते!

मे महिन्यात पाचाडला सासरी गेलो. तक्ता तिथेही नेला, हट्टाने. एका संध्याकाळी लेक रचलेल्या लाकडांपाशी खेळून आली आणि माझ्या शेजारी बसली. ओठ मिटलेले, एक हात मांडीखाली. मी शेंगा सोलत होते. "आजही नाही रडलीस, शाब्बास," म्हणून मी तारा चिकटवला. तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या वेळाने सासूबाई तिला जेवायला उठवायला गेल्या आणि थबकल्या. "अगो, पोर थंडगार पडलीय. घाम बघ किती आलाय. काय झाला गो बाय?"

तिने हात पुढे केला. "विंचू चावला. पण मी रडले नाही."

आमच्याकडचा तांबडा विंचू लहान पोराचा जीव घेतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मिळेल त्या गाडीने महाड गाठलं. वाटेत तिला दोनदा उलटी झाली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "रडली असती तर कळला तरी असता."

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, आत्ताच काही सांगता येणार नाही. सुई टोचताना तिचं अंग ताठ झालं, डोळे भरले. मी म्हटलं, "रड गं राणी, रड. आई काही म्हणणार नाही." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला वाटलं, मी परीक्षा बघतेय. तिने ओठ आणखी घट्ट दाबले.

ती वाचली. आता नऊ वर्षांची आहे. कुठे पडली, काही दुखलं-खुपलं, तर पाचाडला आजीला फोन करून सांगते. मला आजीकडून कळतं.