लाली, त्याले सांग

ज्या घरात दोन-चार जनावरं आहेत, त्या घराला किस्से विकत आणावे लागत नाहीत. शेणासारखे ते रोज पडतातच, उचलायला मात्र कुणाला फुरसत नसते. आमच्याकडे तर काळसुद्धा गायींवर मोजतात. माझ्या नणंदेचं लग्न कधी झालं विचारलं, की सासूबाई सांगतात, "गवळण गाय पयल्यांदा व्याली ना, त्याच्या आदल्या महिन्यात."

मी मालेगावची, दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाढलेली. लग्न होऊन शिरपूरच्या पलीकडच्या खेड्यात आले, तेव्हा गायीची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, एवढंच मला कळायचं. आता मी तोंड उघडलं की मैत्रिणी म्हणतात, "बसा बाई, हिची गाय सुटली!"

पण आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे आणि काकाजी म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. तीन वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली. शेत वाटलं, घर वाटलं, आणि एकाच गोठ्याच्या मधोमध छातीएवढी विटांची भिंत घातली. जनावरांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्यात लाली गाय आमच्याकडे आली. लालीची माय ती लहान असतानाच मेली होती. काकाजींनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. चिठ्ठी निघाली तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण आमच्याकडे लालीचं पहिलं वासरू आतच गुदमरून गेलं, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "माझ्याकडं असती तं वासरू जगलं असतं."

 त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. लाली दुसऱ्यांदा गाभण राहिली, तेव्हा मामाजी सासूबाईंना एवढंच म्हणाले, "हे बी वासरू गेलं, तं तो बोलला ते खरं होईन."

म्हणून आमच्याकडे जे काही चाललं होतं, ते गायीच्या बाळंतपणाच्या मानानं जरा जास्तच होतं.

*

मामाजींचा पहिला नियम म्हणजे लालीसमोर तारखेचं नाव काढायचं नाही. गाय ऐकते, आणि ऐकलं की धरून ठेवते, असं त्यांचं म्हणणं.

जनावरांचे डॉक्टर तपासायला आले. तरुण माणूस, इकडच्या भागात नवीनच. हात धुता धुता मोठ्यानं म्हणाले, "छान आहे बाबा, आता पुढच्या आठवड्यात..."

मामाजींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला! मग दंडाला धरून त्यांना गोठ्याबाहेर काढलं, अंगण ओलांडून निंबाखाली नेलं आणि म्हणाले, "आता सांगा. पण हळू."

डॉक्टरांनीही आवाज खाली आणून सगळं सांगितलं. परत गोठ्यात आले, पिशवी उघडली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, औषधाचं नाव इथं सांगू, की निंबाखाली जाऊ?"

*

सासूबाईंनी मेथ्या आणल्या, अळीव आणला, बाजरी पाखडून ठेवली, गुळाची अख्खी ढेप फडक्यात बांधून टांगली. वर मला बजावलं, "याले हात लावजो नको. लालीचं हाये."

मी म्हटलं, "माझ्या बाळंतपणात एवढा गूळ कुठं होता हो?"

त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तू कुठं दूध देऊन राह्यली होती दोन टाइम?"

*

भावांचं बोलणं बंद होतं, पण भिंत छातीएवढीच होती. इकडचं सगळं तिकडे दिसायचं. मामाजींनी लालीखाली सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, अंथरलं. एक पोतं टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकायला लागले. भिंतीपलीकडे काकाजी त्यांच्या गवळणीचं दूध काढत होते. ते गवळणीला म्हणाले, "गवळणे, काही लोक इतकं कुटार टाकून राह्यले का गाय फसून जाईन त्याच्यात."

मामाजी लालीला म्हणाले, "लाले, काही लोकायचे हात गायीच्या सडाले अन् डोळे भिंतीपल्याड."

असं म्हणाले खरे, पण सकाळी पाहिलं तर एक पोतं कुटार बाहेर काढलेलं होतं.

हे रोजचंच झालं. लालीला ऊन लागतं, हे गवळणीला सांगितलं जायचं आणि दुपारपर्यंत आमच्याकडे गोणपाटाचा पडदा लागायचा. आमचे हे म्हणायचे, "आपल्या घरी गायी बोलतात. माणसंच मुकी आहेत."

*

जऊळक्याला सासूबाईंच्या भाचीचं लग्न होतं. मामाजी जायला तयारच नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या माहेरचं म्हटलं की तुमाले गाय आठवते." तेव्हा कुठे निघाले. पण जाताना मला सांगून गेले, की त्यांचा व्हिडिओ कॉल आला की मोबाइलवर लालीला दाखवायचं.

पंगत बसली आणि फोन आला. मी लालीसमोर मोबाइल धरून उभी. तिकडे मामाजी एका हातानं बुंदी खात मोठमोठ्यानं बोलताहेत, "हां, आता चालवून दाखव. वळव जरा. तब्येत बरी हाये. लाजून राह्यली का? लाजू दे. खाते-पिते ना नीट?"

शेजारच्या पानावरचा पाहुणा जेवायचा थांबला. जरा सरकून त्यानं विचारलं, "कोणासाठी पाहून राह्यले हो, मोठ्यासाठी का धाकट्यासाठी?"

मामाजी म्हणाले, "नाही हो, घरचीच हाये. दिवस भरले हायेत तिचे."

पाहुण्यानं पुढची बुंदी काही घेतली नाही म्हणे.

*

लग्नाहून आल्यावर मामाजींच्या डोक्यात आलं, की ऐन वेळी गोंधळ व्हायला नको. त्यांनी कामं वाटून दिली. सासूबाईंनी गरम पाणी आणायचं, मी फोन लावायचा, ह्यांनी मोटारसायकल काढून डॉक्टरला आणायचं. मग आमची तयारी पाहावी म्हणून एका सकाळी, आम्हाला कुणालाच न सांगता, ते गोठ्यातून ओरडले, "व्याली, व्याली!"

सासूबाई चहाचंच आधण घेऊन धावल्या. मी कणकेच्या हातानं फोन शोधत फिरले. ह्यांचा पत्ताच नाही. मामाजी म्हणाले, "पाय, हा झोपला असंन. याच्या भरवशावर म्हैस पाण्यात."

मग समजूत घालून त्यांनी आम्हाला सांगितलं की ही फक्त तालीम होती. आम्ही दोघी त्यांना काय काय बोललो ते इथं सांगत नाही. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. हे बनियनवर, आणि मागे डॉक्टर, पिशवी पोटाशी धरून, केस उभे.

आत लाली निवांत रवंथ करत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आलोच आहे, तर चहा तरी द्या."

चहाचं आधण गोठ्यात सांडलं होतं.

*

आणि खरी वेळ आली, तेव्हा लालीनं कुणालाही न विचारता भर दुपार निवडली. हे लालीसाठी सरकीची ढेप आणायला मालेगावला गेलेले. पाणमोट फुटली, वासराचं नाक दिसलं, एक खूर दिसला. दुसरा काही दिसेना. मामाजी वाट बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मागच्या वेळीही असाच एकच पाय आला होता.

मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "ताई, खरं की तालीम?"

"खरं आहे हो, एकच पाय दिसतोय."

त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "मी लांब आहे, पण निघालो. फोन स्पीकरवर ठेवा. कुणीही ओढू नका. दुसरा पाय आत दुमडलेला आहे. वासरू थोडं मागे सारायचं आणि हात घालून तो पाय पुढे आणायचा. गाय मात्र स्थिर पाहिजे."

स्थिर कसली! लाली गरगर फिरत होती. सासूबाईंनी शिंगं धरली, तर तिनं त्यांना बाजूला फेकलं. मामाजी मागे गेले, तर बादलीसकट भिंतीवर आपटले. उठले आणि तिथेच उभे राहिले.  "माझ्याच्यानं नाही होत," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं.

भिंतीपलीकडे काकाजी उभे होते. केव्हापासून, देव जाणे. त्यांनी भिंतीवर हात टेकले आणि साठीचा माणूस पायजमा फाडत इकडे उतरला. काकाजी सरळ लालीपाशी गेले, तिचं डोकं छातीशी धरलं आणि तिच्या गळ्याखाली खाजवत राहिले. लाली हळूहळू फिरायची थांबून शांत उभी राहिली.

मग लालीच्या कानापाशी त्यांचा आवाज आला, "लाली, त्याले सांग, हाताले साबण लाव म्हणावं. कोपरापर्यंत."

मामाजी मागून म्हणाले, "लाली, त्याले सांग, लावलेला हाये."

"लाली, त्याले सांग, कळ आली की थांबजो म्हणावं. जोर करू नको."

"लाली, त्याले सांग, गुडघा लागला हाताले."

फोनमधून डॉक्टर ओरडले, "ताई, ही लाली कोण आहे? सगळे तिलाच सांगताहेत. तिच्याकडे फोन द्या!"

मी म्हटलं, "डॉक्टर, लाली म्हणजे गाय."

पलीकडे थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज येत राहिला. मग डॉक्टर म्हणाले, "बरं. मग तिला सांगा, खूर तळहातात झाकून पुढे घ्या म्हणावं, आत लागायला नको."

मामाजींनी खूर झाकून पाय पुढे आणला. दोन्ही खूर दिसले. पुढच्या कळेला हलकं ओढलं, आणि वासरू कुटारावर आलं. पण हलेना. मामाजी नुसते बघत राहिले, त्यांचे हातच चालेनात. काकाजी लालीला सोडून धावले, वासराचं नाक पुसलं, नाकात काडी फिरवली, गोणपाटानं अंग खसाखसा चोळलं.  मग वासरू शिंकलं, आणि मामाजी कुटारातच बसून हमसून हमसून रडले.

कालवड होती. लाली तिला चाटायला लागली.

काकाजींनी बादलीत हात धुतले, फाटक्या पायजम्याला पुसले आणि भिंतीकडे वळले. दार होतं, पण ते भिंतीकडेच गेले. मामाजी खालमानेनं म्हणाले, "लाली, त्याले सांग, कालवडीनं दूध सोडलं का तिले घेऊन जाय म्हणावं."

काकाजींचा एक पाय भिंतीवर होता. ते म्हणाले, "लाली, त्याले सांग, मायपासून लेकरू तोडाले मी काय येडा झालो का?"

मामाजी बराच वेळ कालवडीचा कान पुसत राहिले. मग म्हणाले, "मंग दोघीले घेऊन जाय म्हणावं." 

सासूबाई पदराला हात पुसत थांबल्या.  काकाजींनी भिंतीवरचा पाय खाली घेतला. लालीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, सरळ मामाजींकडे पाहिलं.

"अन् मंग तू दिवसभर काय करशीन?" ते म्हणाले.