मे महिन्यात पाहू

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, सगळ्यांत सीनियर. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांतल्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. हे सॉफ्टवेअर ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, तिची एक जुनी आवृत्ती दर ऑक्टोबरात तिचे कर्तेच वाऱ्यावर सोडतात. आपणही तिला आपल्या सॉफ्टवेअरमधून काढू असं आम्ही म्हटलं, की हे गृहस्थ चष्मा पुसत म्हणतात, "आता कापूस येऊन राहिला. मे महिन्यात पाहू."

गेल्या वर्षी ते सुटीवर असताना मी ती जुनी आवृत्ती परस्पर काढून टाकली. चांदूर बाजारच्या जिनिंगमधला, त्याच आवृत्तीवर चालणारा जुना कॉम्प्युटर अडला, काट्यापुढं ट्रॅक्टरांची रांग लागली. सुटी सोडून ते तिथं गेले, दिवसभर काट्यावरचे आकडे हातानं लिहीत बसले.

परतले तेव्हा केसांत कापूस होता. मी माफी मागितली.

"मले काहून मांगतं? रांगेत उभे होते त्यायले मांग," म्हणाले, आणि चांदूर बाजारच्या पहिल्या बसची वेळ सांगितली.