फुलीगोळा

व्हर्लीन,

फोनवर मी तुला बोलू देत नाही ही तुझी जुनी तक्रार. खरी आहे. म्हणून हे पत्र. इथेही मीच बोलणार, पण निदान तुझं वाक्य तोडणार नाही.

तुझ्या लेकीने, डार्लाने, तुझी माहिती मागितली, चर्चच्या सभासदांच्या पुस्तकासाठी. चार ओळी लिहिल्या. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, बर्फातसुद्धा कधी फेरी चुकवली नाही, नवरा वारला, एक मुलगी. वाचून मलाच जांभई आली. त्यात मॅविस कुठे आहे? मॅविसशिवाय तुझी माहिती म्हणजे भिंतीवरचा दाखला.

तुझ्या नवऱ्याला सापांची किळस होती. तो होता तोवर तू नाव काढलं नाहीस. तो गेला आणि चौथ्या महिन्यात तू सापांच्या बाजारातून लहान जातीच्या अजगराचं पिल्लू आणलंस, बुटांच्या खोक्यात. तीच मॅविस. "एक घोरणारा गेला, आता कुणीतरी गप्प बसणारं हवं होतं," म्हणालीस. मी छत्तीस वर्षं याच गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, बरणीतले साप दाखवले. जिवंत साप मांडीवर घ्यायला मला एका बसवालीने शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात मॅविस सतरा वर्षांची झाली. तू म्हणालीस, "आता एकदाच. मला तिची एक लेक हवी. ती गेल्यावर रिकाम्या पेटीकडे बघत बसू काय?" नर उसना आणलास. तीन दिवस तिच्याजवळ ठेवायचा, मग चार दिवस बाजूला, असं फेब्रुवारीपर्यंत चाललं. मग मॅविसने उंदीर नाकारायला सुरुवात केली. तुझ्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी उंदरांची पुडकी साठत गेली. ती पेटीच्या थंड कोपऱ्यात जाऊन पडायची, कधी तर पोट वर करून.

"मेली की काय गं?" मी विचारलं.

"मेली नाही, जड झालीय. तुला मूलबाळ नाही, तुला काय कळणार?"

बोचलं. पण तुझं बोलणं बसच्या ब्रेकसारखंच, आधी धक्का, मग समजूत.

मार्चमध्ये एक दिवस तिचं अंग मधोमध चेंडू गिळल्यासारखं फुगलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरलं. मग तिने कात टाकली. तिथून अंडी घालेपर्यंत महिनाभर मोजायचा. तेवढा महिना तुझ्या घरात व्हॅक्यूम बंद, टीव्ही मुका, पेटीवर जुनी चादर. तिला उचलायचं नाही, पोटावर दाब द्यायचा नाही, ओल्या शेवाळाचं खोकं कोरडं पडू द्यायचं नाही. मी एकदा जोरात शिंकले तर मला अंगणात हाकललंस.

"स्वतःच्या वेळी तरी एवढी जपली होतीस का?"

"मी? डार्ला झाली त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत बस चालवत होते. म्हणून तर हिला जपते."

एकविसाव्या दिवशी तू मागच्या पायरीवरून पडलीस आणि खुबा मोडलास. आधी इस्पितळ, मग चालायला शिकवतात त्या ठिकाणी मुक्काम. तुझ्या घराची किल्ली आणि मॅविस, दोन्ही माझ्याकडे आल्या. तू फोनवरून सूचना दिल्यास.

"अंडी घातली की वेटोळं घालून बसेल. हलक्या हाताने सोडव. फुसकारेल, घाबरू नकोस. त्याच दिवशी अंडी सुटी कर, प्रत्येकाला वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मार, आणि उबेच्या पेटीत..."

"फुली मार, फुली मार! मला शिकवतेस? आमच्याकडे चारशे कोंबड्या होत्या."

"अगं मास्तरीण, ऐक तरी. फुली कशासाठी, तर..."

"ठाऊक आहे मला. गोळी घे आणि पड."

आणि मी फोन ठेवला.

आमच्या आईची रीत अशी होती: अंड्याच्या एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोळा वर. उलटलं नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि मरतो. हात इतके सरावलेले की डोकं लागतच नाही.

मॅविसने सहा अंडी घातली, मऊ, पांढरी, हाताला चामड्यासारखी. मी वेटोळं सोडवलं तेव्हा तिने फुसकारून पाहिलं, मग मान टाकली. दमली होती बिचारी. मी फुल्या मारल्या, गोळे काढले, उबेच्या पेटीत ठेवली आणि एकोणीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, न चुकता उलटली. दुसऱ्या आठवड्यात दोन अंडी वरून आत दबली. मला वाटलं ओल कमी पडतेय. तुला मात्र रोज सांगत होते, सगळं व्यवस्थित आहे.

तू वॉकर टेकत घरी आलीस आणि कोटसुद्धा न काढता पेटीचं झाकण उचललंस. सहाच्या सहा पिवळी पडलेली, दोनांवर बुरशी. तू एक हातात घेतलंस. एका बाजूला फुली पाहिलीस, उलटं केलंस, गोळा पाहिलास.

"हे काय? फुलीगोळा खेळत होतीस?"

"उलटवत होते. रोज दोनदा. उलटवावी लागतात ना?"

तू खुर्चीत बसलीस.

"कोंबडी उलटते गं. सापाची आई दोन महिने तशीच बसते, अंडं तसूभर हलू देत नाही. पहिल्या दिवसानंतर उलटलं की आतला जीव बुडून मरतो. फुली त्यासाठीच, वरची बाजू कायम वर राहावी म्हणून."

"आमच्याकडे असंच करायचे," मी म्हटलं.

"जीवशास्त्राच्या मास्तरीणबाई," तू म्हणालीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

जूनमध्ये मॅविस पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळं घालून बसली, जणू तेच अंडं. उंदीर तोंडापाशी धरला तरी मान फिरवायची. तू म्हणालीस, पेटीला आणि तिच्या अंगाला अजून अंड्यांचा वास आहे, तो जाईपर्यंत ती राखण सोडणार नाही. कोमट पाणी आणि बिनवासाच्या साबणाने धुवायला हवं, पण तुला वाकता येत नाही. "शनिवारी ये. तू धर, मी पाणी ओतते."

त्या शनिवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे म्हणाले. खोटं होतं. तिला हातात धरून तुझ्यासमोर उभं राहायचं आणि 'आमच्याकडे असंच करायचे' याखेरीज दुसरं काहीतरी बोलायचं, तेवढं अंगात त्राण नव्हतं. पुढच्या शनिवारी तुझा व्यायाम शिकवणारा येणार होता. त्याच्या पुढच्या शनिवारी इतका उन्हाळी वारा सुटला की दार उघडवेना. मग डार्ला आली आणि तुला न् मॅविसला टूसॉनला आपल्या घरी घेऊन गेली. ऑगस्टमध्ये मॅविसने आपणहून उंदीर घेतला, असं डार्लाने कळवलं. बरं झालं.

पण तिला धुवायचं राहिलं, व्हर्लीन.