उमेदवाराच्या घरची माणसं आणि माझी व्हॅन

मिशिगनमधल्या नोव्हायला आमच्याकडे चार मराठी घरं जमली, की जेवण आटपेपर्यंत कोणी ना कोणी म्हणतंच, "सुजाता, ते आयोवाचं सांग ना यार!" मी एक किस्सा सांगायला घेते, तर त्याला चिकटून दुसरा निघतो. जेमतेम सात आठवड्यांचं काम, तेही व्हॉलंटिअरचं. पण इतक्या वर्षांच्या इंजिनिअरिंगने मला त्याच्या निम्मेही किस्से दिले नाहीत!

२००७ चा हिवाळा. सिटिझन झाल्यावरची माझी पहिलीच प्रेसिडेंटची निवडणूक. साठवलेली सगळी रजा टाकली आणि जिथे सगळ्यात पहिलं मतदान होतं, त्या आयोवा राज्यात प्रचाराला गेले. आमचा उमेदवार छोटा होता. नाव सांगितलं तर तुम्ही "कोण?" म्हणाल, म्हणून सांगत नाही.

ऑफिसात पहिल्याच दिवशी विचारलं, "बर्फात गाडी कोण चालवेल?" मी हात वर केला. मिळाली उमेदवाराच्या घरच्यांची व्हॅन! त्यात तिघी. बायको लिंडा, हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवणारी. सोळा वर्षांची मुलगी एबी, ती शाळेमुळे फक्त वीकेंडला यायची. आणि उमेदवाराची आई रूथ, वय वर्षं त्र्याऐंशी. उमेदवार स्वतः बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीत, दुसऱ्या गावात.

निघताना रूथनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एरवी तू काय करतेस?"

"गाड्यांचे ब्रेक डिझाइन करते. गोठलेल्या तळ्यांवर टेस्टिंगसुद्धा करते."

"उत्तम," त्या म्हणाल्या. "ह्या कॅम्पेनमध्ये थांबायचं कुठे हे कळणारं एक तरी माणूस हवंच होतं!"

*

एका चर्चच्या तळघरात रूथचा कार्यक्रम होता. कॉफी, कुकीज, पन्नासेक म्हातारी मंडळी. एका बाईंनी विचारलं, "तुमचा मुलगा लहानपणापासून प्रामाणिक होता का हो?"

"छे!" रूथ म्हणाल्या.

पत्रकारांना सांभाळणारा आमचा प्रेसवाला पांढराफटक पडला.

"नऊ वर्षांचा असताना शेजाऱ्यांची काच फोडली आणि आळ भावावर घातला. मी त्याला हाताला धरून शेजारी नेलं, कबूल करायला लावलं आणि महिनाभर त्यांचं अंगण झाडायला लावलं."

त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला.

"त्याला निवडून दिलंत तर ती माझी ड्युटी पुढे चालू राहील. माझी तब्येत ठणठणीत आहे!"

प्रेसवाल्याने त्यांच्यासाठी लिहून दिलेलं भाषण पर्समधून बाहेर आलंच नाही. त्यानंतर कुठल्याच गावात आलं नाही.

*

लिंडाची गोष्ट वेगळी. स्टेजवर नवऱ्याशेजारी नुसतं हसत उभं राहायचं म्हटलं, की तिचे खांदे आखडायचे. पण एका गावात ग्रेन एलिव्हेटरच्या, म्हणजे धान्याच्या मोठ्या कोठाराच्या ऑफिसात शेतकऱ्यांची मीटिंग होती. उमेदवार बर्फात अडकला आणि लिंडाला एकटीलाच उभं राहावं लागलं. मागून एक दणकट शेतकरी ओरडला, "तुमच्या नवऱ्याला इथेनॉलमधलं काय कळतं?"

"काही नाही," लिंडा म्हणाली. "मला विचारा."

तिने पिझ्झाचा रिकामा खोका उलटा केला, माझ्याकडून मार्कर घेतला आणि मक्यापासून इथेनॉल कसं होतं ते काढून दाखवायला लागली. वीस मिनिटं! मधेच त्या शेतकऱ्यालाच प्रश्न विचारला. चुकला, तर पुन्हा समजावलं. पठ्ठ्याने टोपी काढून हातात घेतली होती.

शेवटी तो म्हणाला, "बाई, नवऱ्याऐवजी तुम्हीच का नाही उभ्या राहत?"

"मला नोकरी आहे!"

*

नागपूरहून आईचा फोन यायचा, आणि मी गाडी चालवत असल्यामुळे तो स्पीकरवर असायचा. तिचे प्रश्न ठरलेले. "जेवलीस का? स्वेटर घातलास का? तुझा माणूस निवडून येणार का?"

एकदा मी खरं ते सांगितलं. "नाही वाटत गं, आई."

"मग तू तिथे करतेस काय?"

शेजारी बसलेल्या रूथनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी भाषांतर केलं. त्या फोनकडे वाकून मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "मॅडम, माझा मुलगा आहे, तरी मलाही हाच प्रश्न पडतो!"

आई बी.ए. इंग्लिश. तिला नीट कळलं. दोघी मग दहा मिनिटं हसत बोलत होत्या. मला मधे बोलायची सोयच नव्हती.

*

एबीला मात्र हे सगळं नकोसं होतं. एका शाळेच्या जिममध्ये वडिलांची ओळख तिने करून द्यायची असं ठरलं. तीनशे माणसं आणि कॅमेरे. पाच मिनिटं उरली तरी पोरगी बाथरूममध्ये दार लावून बसलेली! लिंडा दारापाशी जाऊन परत आली. मग मी गेले.

"एबी, नको असेल तर व्हॅन मागच्या दारी उभी आहे. मी नेते तुला."

आतून आवाज आला, "सगळे म्हणतात, स्माइल. काय बोलू ते कोणी विचारतच नाही."

"मी विचारते. काय बोलायचंय?"

दार उघडलं. डोळे लाल. ती स्टेजवर गेली आणि लिहून दिलेला कागद तिने घडी करून खिशात घातला.

"माझ्या डॅडने माझ्या शेवटच्या चार स्विमिंग मीट्स मिस केल्या. तुम्ही त्याला निवडलंत, तर पुढच्याही सगळ्या मिस करेल. हे मला माहीत आहे. तरीही मी त्याच्यासाठी मत मागायला आले आहे."

उमेदवार स्टेजवर आला, माइक हातात घेतला आणि आधी डोळे पुसले. माझाही चष्मा धूसर झाला होता, उगाच का लपवू!

पुढच्या शनिवारचे त्याचे दोन्ही कार्यक्रम कॅन्सल झाले. पत्रकारांनी कारण विचारलं, तर ऑफिसने एका शब्दात सांगितलं, "पोहणं."

*

आणि कॉकसची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाची संध्याकाळ. आयोवात आमच्या पक्षाचं हे मतदान तेव्हा गुप्त नसायचं. लोक एका खोलीत जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. ज्या कोपऱ्यात माणसं फारच कमी, तिथल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर मत वाया.

मी रूथना घेऊन एका शाळेच्या लायब्ररीत गेले. आम्ही बाहेरच्या, म्हणून भिंतीकडेला खुर्च्यांवर बसून नुसतं बघायचं. माणसं हलली, गलका झाला, कोपरे भरले. आमच्या कोपऱ्यात एकच माणूस. सत्तरीचा, ओव्हरऑल घातलेला, दोन्ही हात खिशात.

शेजारीपाजारी हाका मारायला लागले. "अरे वॉल्ट, ये इकडे! वाया घालवू नकोस मत!" त्याची बायकोसुद्धा समोरच्या कोपऱ्यातून खुणावत होती. हा जागचा हलेना. मोजणारी बाई घड्याळ बघत त्याच्याकडे गेली. "वॉल्ट, दोन मिनिटं उरलीत. काय ठरवलंय?"

तो हळू बोलला, पण लायब्ररीच ती, सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्याची आई समोर बसलीये. ती इथे असेपर्यंत मी हलणार नाही."

रूथ उठल्या. कोटाची सगळी बटणं लावली, एकेक करून. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चल सुजाता, गाडी काढ."